एक्केचाळिसाव्या वर्षी फ्रीस्टाइल स्लॅलमची पहिली स्पर्धा (आणि पार्किंगच्या फरशीने केलेला घात)

टी_स्क्वेअर | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, इनलाइन स्केटिंगवर (एका रेषेत चाकं असलेल्या स्केट्सवरचं) इथे दोन-तीन जुने धागे सापडले, पण सगळे "मुलाला कितव्या वर्षी क्लासला घालावं" या प्रश्नावरचे. हा धागा मोठ्यांसाठी आहे. काल मी आयुष्यातली पहिली स्लॅलम स्पर्धा खेळले. वय ४१. खुल्या गटात सहाजणी होतो, मी सहावी आले. बाकी पाचजणींच्या वयाची बेरीज केली तर माझ्या वयाच्या दुप्पटच्या थोडी पुढे जाईल.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साधारण ८ सेंटीमीटर उंचीचे छोटे कोन (शंकू) एका रेषेत मांडतात आणि त्यांच्यामधून पाय गुंफत, उलटं, एका पायावर, गिरक्या घेत जायचं. क्लासिक प्रकारात अशा तीन रांगा असतात: ५० सेंमी अंतरावर २० कोन, ८० सेंमीवर २० आणि १२० सेंमीवर १४. आपण निवडलेल्या संगीतावर १०५ ते १२० सेकंदांचा रन करायचा, तिन्ही रांगा वापरायच्या. कोन उडाला किंवा चुकला की प्रत्येकी अर्धा गुण जातो. याशिवाय बॅटल असते (तीन-चार जणांचा गट, ३०-३० सेकंदांचे रन, समोरासमोर) आणि स्पीड स्लॅलम, म्हणजे निव्वळ घड्याळाशी शर्यत. मी फक्त क्लासिकला नाव दिलं होतं.

यात पडले कशी, तर पैसे वाया जाऊ नयेत म्हणून. लेकीला चांगले महागातले स्केट्स घेतले आणि चार महिन्यांत बाईसाहेब बुद्धिबळाकडे वळल्या. तिचा पाय तेव्हाच माझ्याएवढा झाला होता, ३८ नंबर. स्केट्स माळ्यावर टाकायला माझा जीव होईना. एका रविवारी पायात घातले, पार्किंगच्या खांबाला मिठी मारून उभी राहिले, आणि त्याला आता तीन वर्षं झाली. क्रिसक्रॉस, म्हणजे पायांची कात्री करत जायचं, ते महिन्याभरात आलं. स्नेक, म्हणजे दोन्ही पाय एकामागे एक ठेवून साप जातो तसं जायचं, त्याला तीन महिने. उलट्या क्रॉसने, म्हणजे तेच मागे जाताना, सात महिने खाल्ले, आणि उजव्या कोपराची खूण अजून आहे.

आता मुख्य गोष्ट. आमच्या बिल्डिंगच्या व्हिजिटर पार्किंगला ३० बाय ३० सेंमीच्या टाइल्स आहेत. रोज सकाळी सहाला टेप लावत कोण बसणार? मी सांध्यांवर कोन मांडायचे. चार टाइल्स म्हणजे १२०, बरोब्बर. दोन म्हणजे ५० ("जवळपास"). तीन म्हणजे ८० ("दहा सेंमीने काय होतंय").

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करते. खिडकीच्या मापात सहा मिलिमीटरचा फरक दिसला तर साइटवर फोन करून भांडते. तीन वर्षं मी ६० आणि ९० वर सराव करत होते.

स्पर्धेत ८० च्या रांगेत शिरले. पहिला कोन छान गेला, दुसराही. पण पायाला सवय ९० ची, त्यामुळे दर कोनाला मी दहा सेंमी पुढे पडत गेले. चार कोन ओलांडले तेव्हा पुरती ४० सेंमी पुढे, म्हणजे पाय जिथे मोकळ्या जागेत हवा तिथे नेमका कोन. पाचवा उडाला, सहावा उडाला, मग मी खाली बघायला लागले आणि सातवाही उडाला. एकूण नऊ.

तरी नऊ कोनांचे साडेचारच गुण गेले. खरा घात पुढे आहे. घाबरल्यामुळे मी इतकी पळाले की घरी १ मिनिट ५२ सेकंदांत होणारा रन ९६ सेकंदांत संपला. मी शेवटची पोझ घेऊन, हात वर करून उभी, आणि माझं गाणं वाजतंय. वाजतंय. वाजतंच आहे. ऑपरेटर माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. १०५ सेकंदांच्या आत संपवलं म्हणून दहा गुण दंड. वीस कोन उडवले असते तरी एवढेच गेले असते!

तर प्रश्न असे:
स्पर्धेत लय कशी धरून ठेवता? मला मधला अर्धा रन आठवतच नाही.
५० च्या रांगेत मोठ्या माणसाने नेमकं काय करावं? मला ती रांग म्हणजे पीएमटी बसमधली गर्दी वाटते.
आणि इथे पस्तिशीच्या पुढचं कोणी स्पर्धेत उतरतं का, की मी एकटीच?

---

कढीपत्ता | सोमवार, रात्री ११.०५

ड्रॉइंगवाल्या बाईंनी टेप लावली नाही हे वाचून माझ्या बिल्डिंगच्या बाल्कनीचं कोडं सुटलं. आमची पण दहा सेंमीने "जवळपास" आहे.

गाणं वाजत असताना हात वर करून उभं राहण्याबद्दल साष्टांग नमस्कार. पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि पुस्पशु (पुढील स्पर्धेस शुभेच्छा).

---

बेअरिंग६०८ | मंगळवार, सकाळी ७.२०

ताई, धागा वाचून लई भारी वाटलं. मी कॉलेजपर्यंत स्पीड स्लॅलम आणि बॅटल खेळलोय, आता हौशी. एकेक घेतो.

फरशी: तुम्ही एकट्या नाही, ही चूक निम्मं पुणं करतं. कोणी फरशी मोजतं, कोणी पेव्हर ब्लॉक. उपाय स्वस्त आहे. न ताणणारी नायलॉनची दोरी घ्या. ८० च्या रांगेत २० कोन म्हणजे १९ अंतरं, १५.२ मीटर. ५० ची रांग ९.५ मीटर, १२० ची १५.६ मीटर. एकाच दोरीवर तीन रंगांच्या मार्करने खुणा करा. सकाळी दोरी टाकायची, कोन ठेवायचे, दोरी गुंडाळायची, दोन मिनिटांचं काम. टेपपेक्षा दोरी बरी, कारण टेप रोज वाचावी लागते आणि झोपेत १.६ चं १.९ होतं.

लय: तुमचा रन गाण्याला बांधलेला नाही, नुसता गाण्याच्या सोबत चालू आहे. गाण्यातल्या चार जागा पकडा. समजा ३० व्या सेकंदाला ढोल सुरू होतो, तर त्या क्षणी तुम्ही ८० च्या रांगेतून बाहेर पडलेल्या असायला पाहिजे. लवकर पोचलात तर तिथे थांबा. खरंच थांबा! एक मोठी कमान घेऊन वळा, हाताची एखादी हालचाल करा, श्वास घ्या. दोन रांगांच्या मधली जागा नवीन लोक पळत पार करतात, वेळ तिथेच सांडतो. परीक्षक तेही बघत असतात, शैलीला गुण आहेत.

आणि रनमध्ये काय ठेवायचं ते ठरवताना माझे कोच एक हिशेब लावायचे. प्रत्येक ट्रिक दमलेलं असताना सलग दहा वेळा करायची. नऊ वेळा स्वच्छ झाली तर रनमध्ये. सात वेळा झाली तर पुढच्या वर्षी. पाच वेळा झाली तर व्हिडिओ काढून इन्स्टावर टाकायची आणि विसरायचं.

५० ची रांग: तिथे मोठा पसारा असलेल्या ट्रिक घेऊच नका. क्रेझी, नेल्सन यांना पाय फिरवायला जागा लागते, त्या ८० ला ठेवा. ५० मध्ये साधा वन-फुट (एका पायावर) किंवा अरुंद स्नेक हळू आणि नीट केला तरी छान दिसतो. १२० ला वेग घेऊन लांब गिरक्या.

स्केट्स कोणते आहेत? रॉकर आहे का?

---

टी_स्क्वेअर | मंगळवार, दुपारी १.१५

दोरी! इतकं सोपं. बांधकामाच्या साइटवर गवंडी रोज माझ्यासमोर दोरी लावतो आणि मला सुचलं नाही.

रॉकर म्हणजे चाकं कमानीत असतात ते ना? माझी चारही चाकं ८० मिमीची आहेत, सपाट.

---

बेअरिंग६०८ | मंगळवार, दुपारी १.४०

सपाट चाकांवर उलटा क्रॉस शिकलात?? दंडवत.

रॉकर म्हणजे मधली दोन चाकं किंचित खाली. पूर्ण वजन त्या दोनांवर येतं, त्यामुळे बूट जागच्या जागी वळतो. फ्रेममध्येच रॉकर असेल तर काही करावं लागत नाही. नसेल तर पुढे-मागे ७६ ची आणि मध्ये ८० ची चाकं लावा. व्यासात ४ मिमी फरक, म्हणजे टोकाची चाकं जमिनीपासून २ मिमी वर. दोनच मिमी, पण पहिल्या दिवशी नवीन शिकल्यासारखं डुगडुगेल. आठवडाभर कोन लावूच नका, नुसत्या फिरा. चाकं ८५ए च्या आसपासच्या कडकपणाची घ्या, मऊ चाक गुळगुळीत फरशीवर चिकटतं आणि गिरकी अर्ध्यात मरते. उलट पार्किंगमध्ये धूळ असेल तर कडक चाक घसरतं, तेव्हा आधी झाडू मारा. झाडू हा या खेळातला सर्वात महत्त्वाचा साहित्यप्रकार आहे, कोणी सांगत नाही.

---

दुपारची_झोप | मंगळवार, दुपारी ३.३०

जरा वेगळं मत मांडते, राग मानू नये.

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, स्लॅलम खेळतो. स्पर्धेच्या दिवशी आम्ही पहाटे साडेचारला उठतो, त्याचा नंबर दुपारी दीडला येतो. रिंकवर सावली नाही, मुलं उन्हात वाळत असतात. त्यात आता हौशी मोठ्यांचे गट. प्रत्येकाचे दोन मिनिटं, शिवाय संगीत लावणं, कोन पुन्हा मांडणं. तुमचे नऊ कोन उडाले ते उचलून जागेवर ठेवायला कोणीतरी लहान मूलच धावलं असेल.

मुलांसाठी ही स्पर्धा म्हणजे सर्टिफिकेट, पुढे दहावीला क्रीडागुण, जिल्हा, राज्य. मोठ्यांना मजा करायची असेल तर रविवारी बागेत करावी. एवढंच.

---

कढीपत्ता | मंगळवार, दुपारी ३.५०

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

---

टी_स्क्वेअर | मंगळवार, रात्री ९.१०

@दुपारची_झोप, राग नाही. कोन उचलायला एक दहा वर्षांची मुलगीच धावली हे खरं आहे. तिने वर मला सांगितलं, "काकू, खाली नका बघू, पुढच्या तिसऱ्या कोनाकडे बघायचं." फुकटचं कोचिंग.

उन्हाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याचं कारण मोठ्यांचा गट नाही हो. आमच्या सहाजणींची पाऊण तासात गच्छंती झाली. उद्घाटनाला पाहुणे यायचे होते म्हणून दीड तास सगळे ताटकळले ते का नाही मोजत? सत्काराचा नारळ फुटेपर्यंत एकही चाक हललं नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते. मोठ्यांचा गट म्हणजे आमच्यासारख्या काकूंची हौस एवढंच नसतं. माझ्याबरोबर खेळलेल्या दोघी अठरा-एकोणीसच्या होत्या. दहावीला अभ्यास म्हणून सोडलं, बारावीला पुन्हा सोडलं, आता इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला परत आल्यात. क्रीडागुण मिळून गेले, तरी खेळतायत. तो गट काढला तर त्यांनी कुठे जायचं?

---

घोटाभर | मंगळवार, रात्री १०.३०

मी फिजिओथेरपिस्ट आहे. (आयडी घोट्यावरून आहे, चहावरून नाही.) वादात पडत नाही, तब्येतीचं बोलते.

चाळिशीनंतर हा खेळ सुरू करणाऱ्यांनी गुडघ्याची नको तितकी काळजी आणि मनगटाची नको तितकी बेफिकिरी केलेली पाहिली आहे. माणूस पडताना हात पुढे टाकतो, ते प्रतिक्षिप्त आहे, थांबवता येत नाही. रिस्ट गार्ड हवेतच. स्लॅलममध्ये वेग कमी असतो म्हणून लोक काढून ठेवतात, पण उलटं जाताना मागे पडणं कमी वेगातच जास्त होतं. त्याच कारणाने हेल्मेट पण.

दुसरं, घोटा. एका पायावर वळताना सगळं काम घोट्याभोवतीचे छोटे स्नायू करतात. दात घासताना एका पायावर उभं राहा, डावा एक मिनिट, उजवा एक मिनिट. जमलं की डोळे मिटून. बेसिन धरता येईल एवढ्या अंतरावर, कृपया. टी_स्क्वेअर, तुमचा डावा आणि उजवा पाय यात किती फरक आहे ते बघून सांगा. बहुतेकांचा धक्कादायक असतो.

---

सेन_काठचा | बुधवार, पहाटे ३.२०

इथे अजून रात्रच आहे, म्हणून उशिरा प्रतिसाद.

मी पॅरिसला असतो. "मी एकटीच का" या प्रश्नाला उत्तर द्यायला आलोय. आयफेल टॉवरच्या समोर नदीपलीकडे त्रोकादेरो नावाची जागा आहे. हा खेळ जिथे वाढला त्यातली ती एक जुनी जागा. हवा चांगली असली की तिथल्या गुळगुळीत दगडी फरशीवर लोक कोनांच्या रांगा मांडून बसलेले असतात. "बसलेले" मुद्दाम म्हणतोय. अर्धा वेळ बसून गप्पा, मध्येच कोणीतरी उठतं, एक रन करतं, परत येऊन बसतं. अगदी कट्टाच. त्यात पन्नाशीचे, केस पिकलेले लोक असतात आणि कोणी वळूनही बघत नाही. शुक्रवारी रात्री मोंपार्नासहून स्केटर्सची मोठी फेरी निघते, पोलिस रस्ता अडवून देतात, त्यात तर सगळ्या वयाची माणसं.

मी स्वतः सदतिसाव्या वर्षी शिकलो. इथल्या एका क्लबच्या छोट्या स्पर्धेत दोनदा उतरलोय, दोनदा पहिल्याच फेरीत बाहेर. बॅटल होती. तीस सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, प्रत्यक्षात अठराव्या सेकंदाला माझा साठा संपला आणि उरलेला वेळ मी फिश करत काढला. फिश म्हणजे दोन्ही पाय जोडून मासा वळवळतो तसं. परीक्षक बाई जांभई देत होत्या, शपथ.

तेव्हा टी_स्क्वेअर, तुमची घाई मला कळते. माझी अडचण उलटी होती इतकंच.

---

शेवंती_गोवा | बुधवार, सकाळी ११.००

वाचतेय, मजा येतेय. भाबडा प्रश्न: हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे का? एशियाडमध्ये स्केटिंगला पदकं मिळाली होती ना आपल्याला?

---

बेअरिंग६०८ | बुधवार, दुपारी १२.२५

ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्ड आहे, स्लॅलम नाही. एशियाडमध्ये मात्र हांगझोऊला स्लॅलम होता. २०२२ चे खेळ, प्रत्यक्षात झाले २०२३ ला. भारताकडून पुण्याची श्रेयसी जोशी, जिनेश नानल हे खेळले. त्या खेळांत आपली दोन कांस्यपदकं आली ती स्पीड स्केटिंगच्या ३००० मीटर रिलेत, एक पुरुषांचं आणि एक महिलांचं. त्याआधी २०१० ला ग्वांगझोऊमध्ये अनुपकुमार यामाने कलात्मक स्केटिंगमध्ये दोन कांस्य आणली होती, एक एकेरीत आणि एक अवनी पांचालबरोबर जोडीत.

हांगझोऊला स्पीड स्लॅलम होता, ताईंचा एकेरी क्लासिक नाही. तो बघायला एकदम सोपा: १२ मीटर धावायचं, मग ८० सेंमीवरचे २० कोन एका पायावर. दुसरा पाय टेकला की रन गेला. प्रत्येक कोनाला ०.२ सेकंद दंड, चारपेक्षा जास्त पाडले की बाद. जगातले अव्वल लोक साडेचार सेकंदांच्या आत संपवतात. तुम्ही हे वाक्य वाचायला त्याहून जास्त वेळ घेतलात.

---

दुपारची_झोप | बुधवार, रात्री ९.४५

माझं मत तसंच आहे, वेळापत्रक मुलांसाठीच आखलं पाहिजे. नारळाचा मुद्दा मात्र बरोबर. आमच्या वेळी पण तेच झालं होतं, फक्त पाहुणे आलेच नाहीत.

@बेअरिंग६०८, चिरंजीव स्पीड स्लॅलममध्ये दर वेळी पाच कोन पाडून बाद होतात. घरी एकही पाडत नाही. काय करावं? क्लासमध्ये "जोर लाव" एवढंच सांगतात.

---

बेअरिंग६०८ | बुधवार, रात्री १०.१०

काकू, तो कोन कुठले पाडतो ते आधी मोजा. पहिले तीन असतील तर १२ मीटरच्या धावण्यात वेग जास्त घेऊन पाय उशिरा उचलतोय. पहिल्या कोनाच्या आधीच एका पायावर स्थिर झालं पाहिजे. शेवटचे असतील तर दम किंवा घोटा. दोन्हीचा इलाज वेगळा, "जोर लाव" हा दोन्हीचा नाही. व्हिडिओ बाजूने काढा, समोरून नको.

---

दुपारची_झोप | बुधवार, रात्री १०.२५

पहिले तीन. आत्ता जुना व्हिडिओ बघितला. तो झोपलाय म्हणून, नाहीतर उठवलं असतं.

---

टी_स्क्वेअर | दोन आठवड्यांनी, रविवार, सकाळी ८.०५

हिशेब द्यायला आले.

दोरी केली. खुणा करताना मिलिमीटरसुद्धा चुकवला नाही, ऑफिसची स्टीलची टेप घरी आणली होती. पहिल्या दिवशी खऱ्या ८० वर गेले तेव्हा रांग कोणीतरी धुऊन आटवल्यासारखी वाटली. चौथ्या दिवशी पाय ऐकायला लागले. ७६ ची चाकं लावली आहेत. पहिले तीन दिवस स्केट्स बुटाच्या पेटीत घालून विकून टाकावेत असं वाटत होतं, आता सपाट चाकांवर परत जाणार नाही.

घोटाभर, डाव्या पायावर डोळे मिटून ११ सेकंद, उजव्यावर ३८. लेकीने मोजले. ती स्वतः डाव्यावर ५० सेकंद उभी राहिली आणि पुन्हा बुद्धिबळाला निघून गेली.

रनमधून उलटा क्रॉस काढला. सात महिने घालवले होते, पण दहापैकी सहाच होतो, पुढच्या वर्षी बघू. त्या जागी दोन रांगांमध्ये एक मोठी कमान घेते आणि श्वास घेते. ते करताना फार विचित्र वाटतं, आपण खेळ सोडून फिरायला आलोय असं.

आज पूर्ण रन गाण्यावर लावला. वॉचमनकाकांच्या हातात मोबाइलचं घड्याळ दिलं. १ मिनिट ५१ सेकंद. गाणं आणि मी एकदमच थांबलो.

कोन चौदा पडले. काका ते उचलत म्हणाले, "ताई, आधी कमी पडायचे."